टक्के कशाचे? : गोळीतल्या स्फटिकांच्या मोजणीविषयी

औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे आमच्या बोलीत 'क्यूसी'त, बॅच आली की आधी औषधाचे प्रमाण पाहिले जाते. पाकिटावर शंभर मिलिग्रॅम छापले आहे, तर गोळीत शंभर आहेत का? एचपीएलसी यंत्र हे काम इतके चोख करते की एखाद-दुसऱ्या टक्क्याची तूटही लपत नाही. मात्र यंत्रात सोडण्याआधी नमुना विरघळवावा लागतो. तो विरघळला की औषध गोळीत कोणत्या अवस्थेत बसले होते, याचा पुरावाच पुसला जातो. रेणू तेच राहतात. ते रांगेने रचलेले होते की कसेही विखुरलेले होते, हे सांगायला मागे काही उरत नाही. हे पुस्तक त्या पुसल्या जाणाऱ्या पुराव्याविषयी आहे.

हा पुरावा किती महत्त्वाचा असू शकतो, हे जगाला रिटोनाविरने शिकवले. अ‍ॅबट कंपनीने १९९६ मध्ये एचआयव्हीवरचे हे औषध 'नॉरविर' या नावाने बाजारात आणले. कॅप्सूलमध्ये कोरडी भुकटी नव्हती. अल्कोहोल आणि पाण्याच्या आधाराने विरघळवलेले औषध अर्धघन रूपात भरलेले होते. औषध विरघळलेलेच आहे म्हटल्यावर स्फटिकांची फिकीर कोण करतो? शिवाय रिटोनाविरचे एकच स्फटिकरूप तेव्हा ठाऊक होते. दोन वर्षे सुरळीत गेली आणि १९९८ मध्ये कॅप्सूल विद्रावणाच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. आत एका वेगळ्याच रूपाचे स्फटिक पडले होते. रेणू तोच, पण त्याची घडी निराळी, हायड्रोजन बंधांची जुळणी निराळी आणि विद्राव्यता पहिल्या रूपापेक्षा कितीतरी कमी. पहिल्या रूपाच्या हिशेबाने जो द्राव निर्धास्त होता, तो या नव्या रूपाच्या हिशेबाने अतिसंपृक्त निघाला. बीज पडायचाच अवकाश होता. कंपनीचा चमू इटलीतल्या कारखान्यात पाहणीला जाऊन आला आणि त्यानंतर तिथल्या मालातही नवे रूप दिसू लागले. कॅप्सूलचा पुरवठा थांबला. रुग्णांना वाईट चवीचे द्रवरूप औषध घोटावे लागले. पुढे नवी कॅप्सूल आली, तीही फ्रिजमध्ये ठेवण्याच्या अटीवर. आज रिटोनाविर गोळीत मिळते ते पॉलिमरमध्ये वितळवून मिसळलेले, स्फटिक मुद्दाम टाळलेले.

शेवटचे वाक्य नीट वाचावे. पूर्वी स्फटिक चुकीचा निघू नये ही काळजी होती. आता स्फटिक निघूच नये ही काळजी आहे. गेल्या दोन-तीन दशकांत शोधलेल्या औषधांपैकी पुष्कळशी पाण्याला दाद देत नाहीत. त्यांच्या स्फटिकातली रचना इतकी घट्ट असते की ती मोडून रेणू बाहेर काढण्यातच पोटातला वेळ निघून जातो. म्हणून मग रचनाच होऊ द्यायची नाही, रेणू अस्ताव्यस्त अवस्थेत गोठवायचे. पुस्तकी मराठीत याला अस्फटिकी म्हणतात, प्रयोगशाळेत अमॉर्फस. खडीसाखर आणि चिक्कीचा कडक पाक यांत जो फरक, तोच हा. पाकातली साखर साखरच असते, पण रवा धरलेली नसते. ती पाण्यात लवकर विरघळते, आणि आषाढात डबा उघडा राहिला तर आधी चिकट होते, मग वरून रवाळ. गोळीतही पाणी हेच काम करते. ओलावा आत शिरला की पॉलिमर आणि औषध यांचे मिश्रण मऊ पडते, रेणूंना हालचालीला जागा मिळते आणि ते आपली रांग धरू लागतात.

विद्राव्यतेचा हा लाभ किती, यावर २००० साली हॅनकॉक आणि पार्क्स यांनी एक महत्त्वाचा लेख लिहिला. ऊष्मागतिकीच्या गणिताने अमॉर्फस रूपाची विद्राव्यता स्फटिकाच्या दहापट ते हजार-दीड हजारपट निघायला हवी. प्रत्यक्ष मोजमापात ती त्याच्या आसपासही पोहोचत नाही, कारण पाण्याचा स्पर्श होताच औषध स्फटिक बनू लागते. तरीही जो काही लाभ हाती लागतो, त्यावर टॅक्रोलिमस, इट्राकोनाझोल, लोपिनाविर, पोसाकोनाझोल अशी कितीतरी औषधे उभी आहेत. यातले टॅक्रोलिमस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना दिले जाते आणि त्याची कॅप्सूल अर्ध्या मिलिग्रॅमचीही असते. रक्तातली पातळी थोडी घसरली तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते. अशा कॅप्सूलमध्ये स्फटिक किती, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

आता मुद्द्यावर येतो. स्टॅबिलिटीच्या अहवालात 'स्फटिकांश ५ टक्क्यांहून कमी' असे वाक्य असते. वाचणारा सही करतो आणि पुढचे पान उलटतो. हे पाच टक्के कशाचे, असे विचारणारा क्वचित भेटतो. समजा गोळी २०० मिलिग्रॅमची आहे आणि औषध ५ मिलिग्रॅम. औषधाच्या पाच टक्के म्हणजे पाव मिलिग्रॅम. गोळीच्या वजनाशी ते ताडले तर ०.१२५ टक्के होतात, आणि यंत्रासमोर तर अख्खी गोळी दळून ठेवलेली असते. औषध वगळून उरलेल्या साडेसत्त्याण्णव टक्के भागात मुख्यतः लॅक्टोज किंवा मॅनिटॉल असते, जे स्वतःच ठणठणीत स्फटिक आहेत आणि क्ष-किरणांच्या आलेखात उंच मनोरे उभे करतात. त्यांच्या पायथ्याशी औषधाची एक नखाएवढी शिखरी शोधायची! ती दिसली नाही म्हणजे स्फटिक नाहीत, असे होत नाही. यंत्राला दिसले नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते. औषधाचा वाटा गोळीत पाव असेल तर तेच पाच टक्के सव्वा टक्का होतात आणि काम बरेच सोपे होते. सांगायचे हे की, 'पाच टक्के' हा आकडा गोळीचा अंगभूत गुण नव्हे. पद्धत, गोळीतला औषधाचा वाटा, सोबतचे घटक आणि नमुना बनवणारा हात या सगळ्यांचे ते एक मिळून केलेले विधान आहे.

पद्धतींची ओळख पुस्तकात सविस्तर आहे, मी धावती करून देतो. क्ष-किरण विवर्तन ही थोरली. ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१३ च्या सुमारास तिचा पाया घातला आणि १९१५ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले. भुकटीवर ही पद्धत चालते, हे डिबाय आणि शेरर यांनी १९१६ मध्ये दाखवले. स्फटिक असेल तर ठरावीक कोनांवर अणकुचीदार शिखरे, नसेल तर एक पसरट टेकाड. शिखरांचे क्षेत्रफळ मोजायचे आणि प्रमाण काढायचे. डीएससीत नमुना हळूहळू तापवून वितळताना लागणारी उष्णता मोजतात. वरवर साधी वाटणारी ही पद्धत दोन्ही बाजूंनी फसवते. तापवता तापवता अमॉर्फस भाग वाटेतच स्फटिक बनतो आणि आकडा फुगतो. किंवा स्फटिक आपल्या वितळणबिंदूपर्यंत पोहोचण्याआधीच मऊ झालेल्या पॉलिमरमध्ये विरघळून जातो आणि आकडा शून्य येतो. घन अवस्थेतला एनएमआर भरवशाचा आहे, पण महागडा, आणि एकेका नमुन्याला कित्येक तास खातो. रामन पद्धतीबद्दल आपल्याला आपुलकी असणारच. २८ फेब्रुवारी १९२८ चा तो शोध आज जगभरच्या औषध प्रयोगशाळांत रोज वापरला जातो. लेझरचा ठिपका गोळीच्या छेदावर फिरवत नेला तर स्फटिक कुठे बसले आहेत याचा नकाशाच मिळतो. अडचण ही की ठिपका काही मायक्रॉनचा आणि गोळी मिलिमीटरची, म्हणजे आपण कुठे पाहिले यावर उत्तर ठरते. अलीकडे लेझरच्या प्रकाशाची वारंवारता दुप्पट करणाऱ्या स्फटिकांचा फायदा घेणारी पद्धत आली आहे. ती दशलक्षांत काही भाग इतके सूक्ष्म प्रमाणही टिपते, पण स्फटिकाच्या रचनेत सममितीचे केंद्र असले तर तिला काहीच दिसत नाही.

यांतली कुठलीही पद्धत घेतली तरी तिला शिकवावे लागते. म्हणजे अमुक टक्के स्फटिक असलेली मिश्रणे स्वतः बनवून, त्यांवरून अंशांकन रेषा काढायची. माझ्या मते या विषयातला निम्मा घोळ इथे होतो, आणि लेखिकेने या प्रकरणाला सर्वांत जास्त पाने दिली आहेत ते मला फार आवडले. दोन टक्क्यांचे मिश्रण करायचे तर वीस मिलिग्रॅम स्फटिक आणि नऊशे ऐंशी मिलिग्रॅम अमॉर्फस पावडर. एकदम ओतून हलवले तर स्फटिक एका कोपऱ्यात राहतात. म्हणून वीसमध्ये आधी वीसच घालायचे, मग चाळीसमध्ये चाळीस, असे दुपटीने वाढवत न्यायचे. मोह होतो तो खलात घालून जोर लावण्याचा. तो टाळायचा. इंडोमेथासिनसारखे औषध अतिथंड ठेवून दळले तर त्याचे स्फटिक मोडून ते अमॉर्फस होते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. उलट, अमॉर्फस पावडरीला घर्षणाची ऊब आणि हवेतला दमटपणा मिळाला तर त्यात नवे स्फटिक जन्मतात. म्हणजे जे मोजायचे तेच मिसळताना बदलते. मग पावडर चाळायची, कणांचा आकार सारखा आणायचा, कारण मोठे स्फटिक थोडे असले तरी आलेखात उड्या मारतात. शेवटी होल्डर भरायचा. नवा मुलगा हटकून काचपट्टीने पावडर वरून दाबून सपाट करतो, दिसायला सुरेख. पण सुईसारखे किंवा पत्र्यासारखे स्फटिक त्या दाबाने आडवे निजतात, एकाच दिशेला तोंड करून. मग काही शिखरे अकारण उंचावतात, काही गायब होतात. होल्डर मागच्या बाजूने भरावा आणि मोजताना नमुना फिरता ठेवावा, या दोन सवयींनी जेवढी चूक कमी होते तेवढी महागड्या सॉफ्टवेअरने होत नाही.

हे सगळे करूनही एक गृहीतक तळाशी राहतेच. अंशांकनात जो 'शंभर टक्के अमॉर्फस' नमुना वापरला तो फवारून वाळवलेला होता की वितळवून झटकन थंड केलेला? आणि 'शंभर टक्के स्फटिक' म्हणून जे घेतले, त्याच्यावर दळताना ओरखडे पडले नव्हते का? कारखान्यातली गोळी या दोन आदर्शांपैकी कोणाशीच तंतोतंत जुळत नाही. मिनेसोटा विद्यापीठातले राज सूर्यनारायणन यांनी १९८० च्या दशकापासून क्ष-किरणांनी औषधांतले असे प्रमाण मोजण्याचे जे काम केले, ते याच खाचाखोचांत शिरून केले. १९८९ मध्ये त्यांनी कार्बामाझेपिनच्या निर्जल आणि सजल रूपांचे मिश्रणातले प्रमाण क्ष-किरणांनी कसे काढायचे ते दाखवले. तो प्रश्न निव्वळ प्रयोगशाळेतला नव्हता. कार्बामाझेपिन हे अपस्मारावरचे औषध. त्याचे निर्जल स्फटिक ओलावा घेऊन सजल बनतात आणि गोळी दगडासारखी होते. दमट जागी ठेवलेल्या या गोळ्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने १९९० मध्ये दिला होता. तिकडे दमट जागा म्हणजे न्हाणीघरातले कपाट. आपल्याकडे कोकणातल्या पावसाळ्यात अख्खे घरच त्यात मोडते.

मोजले, आकडा आला. आता मर्यादा किती ठेवायची? या प्रश्नावर मला जरा थांबायचे आहे, कारण इथे आपला धंदा बहुतेक वेळा उलट्या दिशेने चालतो. यंत्राला पाच टक्के दिसतात, म्हणून मर्यादा पाच टक्के. नवे यंत्र आले, दोन टक्के दिसू लागले, मर्यादा दोनवर. पोटात गेल्यावर त्या दोन आणि पाचांत काय फरक पडतो, हे बहुधा कोणी तपासलेले नसते.

योग्य दिशेचे उदाहरण जुने आहे. क्लोरॅम्फेनिकॉल अत्यंत कडू, म्हणून मुलांसाठी त्याचे पामिटेट बनवून बेचव सस्पेन्शन तयार करत. आतड्यातले एन्झाइम पामिटेट तोडतात आणि औषध मोकळे होते. पण या पामिटेटची दोन मुख्य रूपे आहेत. 'ब' रूप विरघळते आणि तुटते. 'अ' रूप जास्त स्थिर, म्हणून जवळजवळ निरुपयोगी. आगियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दोन्ही रूपांची वेगवेगळ्या प्रमाणातली मिश्रणे माणसांना देऊन रक्तातली पातळी पाहिली. 'ब' जितके जास्त तितकी पातळी चढत गेली. त्यानंतर अमेरिकी फार्माकोपियात 'अ' रूपावर दहा टक्क्यांची मर्यादा आली आणि ती अवरक्त किरणांनी तपासायची पद्धतही. त्या दहाच्या मागे रक्ताचा पुरावा आहे. आज इतकी यंत्रे असूनही असा पुरावा मागे असलेले आकडे थोडेच दिसतात.

नियमांचे म्हणणे थोडे वेगळे आहे. १९९९ च्या आयसीएच क्यू६ए मार्गदर्शनात निर्णयाचा एक आराखडा आहे. त्याचा मथितार्थ असा : तयार गोळीत स्फटिकरूप मोजणे तांत्रिकदृष्ट्या अवघड, विद्रावणाची चाचणी त्याच्या वतीने काम करत असेल तर तीच करा, स्फटिकांची थेट मर्यादा हा अगदी शेवटचा उपाय. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. विद्रावणाची चाचणी निदान पोटाच्या दिशेने पाहते. पण ती चाचणी कशी लावली जाते ते बघा. एका मिलिग्रॅमच्या कॅप्सूलला नऊशे मिलिलिटर द्राव, त्यात वर साबणासारखे पृष्ठक्रियाकारक. एवढ्या पाण्यात स्फटिक काय नि अमॉर्फस काय, अर्ध्या तासात सगळेच विरघळते आणि आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात. ज्या चाचणीला फरकच दिसत नाही, तिच्यावर भरवसा ठेवून स्फटिकांची मोजणी वगळायची, ही पळवाट झाली. चाचणी निवडक हवी असेल तर द्राव मोजका ठेवावा लागतो, अमॉर्फस रूपाचा लाभ दिसेल इतकाच. आणि मुद्दाम स्फटिक घातलेल्या बॅचवर ती नापास होते का, हे आधी दाखवावे लागते.

दुसरी एक चूक काळाच्या बाबतीत होते. रोटिगोटिनच्या पट्ट्या पार्किन्सनच्या रुग्णांना लावतात. २००८ मध्ये त्यांच्यावर हिमकणांसारखे स्फटिक दिसू लागले आणि अमेरिकेत त्या बाजारातून काढाव्या लागल्या. पुन्हा यायला २०१२ उजाडले. बॅच बाहेर पडताना त्या स्वच्छ होत्या. स्फटिक उगवण्याआधी शांततेचा एक काळ असतो, आणि त्या काळात मोजलेला शून्य पुढच्या सहा महिन्यांबद्दल फारसे काही सांगत नाही. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचे सहा महिनेही नेहमी उपयोगी पडतात असे नाही. काही औषधे त्या छळात अशा वाटेने स्फटिक होतात जी कपाटात कधीच उघडली नसती, आणि काहींचे पॅकिंगच इतके घट्ट असते की चाचणी पॅकिंगची होते, गोळीची नाही. म्हणून मला वाटते, शेवटच्या आकड्याइतकेच लक्ष पहिल्या खुणेकडे हवे. ध्रुवित प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर लुकलुकणारा एक कण दिसला, तर टक्केवारी न देताही तो पुष्कळ सांगून जातो. पुष्कळ क्यूसी विभागांत हा सूक्ष्मदर्शक धूळ खात पडलेला असतो.

याच मोजणीवर न्यायालयेही अडली आहेत. पॅरॉक्सेटिनच्या खटल्यात प्रश्न असा होता की, प्रतिस्पर्ध्याच्या निर्जल औषधात पेटंट असलेल्या अर्धसजल स्फटिकाचा नुसता अंश आढळला तर ते उल्लंघन का? न्यायाधीश पोझ्नर यांनी २००३ मध्ये म्हटले, व्यापाराच्या दृष्टीने अर्थ असेल एवढे प्रमाण हवे. वरच्या न्यायालयाने तो अर्थ फेटाळला, लेशमात्र असले तरी पुरे म्हटले, आणि मग पेटंटच रद्द ठरवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकाला पेटंट नाकारले, ते कलम ३(ड) खाली, नव्या रूपाने उपचाराचा परिणाम वाढल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून. एका ठिकाणी किती, दुसऱ्या ठिकाणी त्याने काय फरक पडतो. दोन्ही प्रश्न आमच्या बाकावरचेच, फक्त काळ्या कोटात गेलेले.

पुस्तकाच्या भाषेबद्दल एक. तारापूर, वाळूज, कुरकुंभ, वेर्णे इथल्या प्रयोगशाळांत रात्रपाळीला जी मुले-मुली यंत्रांसमोर बसतात, त्यांतल्या पुष्कळांचे शिक्षण बारावीपर्यंत मराठीत झालेले असते. कार्यपद्धती इंग्रजीत पाठ असतात, पण पायरीमागचे कारण कोणी त्यांना त्यांच्या बोलीत सांगितलेले नसते. लेखिकेने बॅच, ब्लेंड, होल्डर, पीक हे शब्द तसेच ठेवले आणि कारणे मात्र मराठीत उलगडली, हे शहाणपणाचे झाले. एक तक्रार नोंदवतो : उलटा प्रश्न, म्हणजे स्फटिक औषध दळताना त्यात तयार होणारा किंचित अमॉर्फस अंश, अवघ्या चार पानांत आटोपला आहे. श्वासावाटे घेण्याच्या पावडरींत तो अंश कणांना चिकट करतो आणि मात्रा फुप्फुसांपर्यंत पोहोचण्याऐवजी उपकरणातच राहते. ओलाव्याचे शोषण मोजून एक टक्क्याखालचा अंशही पकडता येतो. पुढच्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र प्रकरण मिळावे.

वाचणाऱ्याने पहिल्या पानापासून सुरुवात करण्याची गरज नाही. मिश्रणे बनवण्याचे प्रकरण आधी वाचावे, त्यातल्या कृती स्वतः करून पाहाव्यात, एकच मिश्रण तीन जणांकडून तीनदा भरून घ्यावे आणि आकड्यांतला फरक वहीत टिपावा. सुरुवात करण्यापूर्वी डेसिकेटरमधले सिलिका जेल अजून निळे आहे का, तेवढे बघून घ्यावे.